कुत्र्याला घेऊन सुट्टी: बजेटमध्ये नक्की काय काय धरायचं?

चौथीसीट
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज.

आम्ही तिघं (मी, नवरा, आठ वर्षांची लेक) आणि चौथा बंड्या. बंड्या म्हणजे १४ किलोचा, तीन वर्षांचा, कुठल्याच जातीत न बसणारा कुत्रा. आतापर्यंत सुट्टीला गेलो की त्याला बहिणीकडे ठेवायचो, पण यंदा ती स्वतःच बाहेर आहे आणि लेकीने जाहीर केलंय की बंड्या नाही तर मी पण नाही. सहा रात्रींची ट्रिप, आपलीच गाडी, दोन महिने हातात आहेत.

नवऱ्याने एक्सेल केलीय. माणूस एक्सेलमध्ये तसा पक्का आहे. पण त्यात बंड्याच्या नावाने एकच ओळ, 'पेट फी', बास. ती ओळ बघून मला कसंतरीच होतंय, कारण ह्या प्राण्याने घरात एका महिन्यात काय काय फस्त केलंय ते मी बघितलंय.

इथे कोण कुठे राहतं नि कुठल्या पैशात कमावतं काय माहीत, म्हणून आकडे 'रात्रीं'मध्ये देते. एक रात्र म्हणजे आम्ही बघून ठेवलेल्या खोलीचं एका रात्रीचं भाडं, कुत्रा सोडून. त्या हिशोबाने राहणं ६, जाणंयेणं २, खाणं साडेतीन, तिकिटं-फिरणं दीड, किरकोळ १. झाले १४. वर बंड्याची फी पाव रात्र. एकूण सव्वाचौदा. पंधराच्या वर जायचं नाही असं दोघांचं ठरलंय.

काय सुटतंय ते सांगा.

खिसाफाटका
पाव रात्र कसली? अख्ख्या मुक्कामाची की दर रात्रीची?

चौथीसीट
थांबा विचारते.

चौथीसीट
दर रात्रीची. नवऱ्याने तो शब्द वाचलाच नव्हता. म्हणजे पावाची दीड झाली आणि सव्वाचौदाचे साडेपंधरा, अजून घराचं दारसुद्धा ओलांडलं नाहीये.

खिसाफाटका
हाहाहा स्वागत आहे. आता पुढचे प्रश्न. ती फी आहे की डिपॉझिट? फी गेली ती गेली, डिपॉझिट परत येतं, पण कधी आणि कशातून कापून ते आधीच लिहून घ्यायचं. शिवाय 'शेवटची सफाई' म्हणून वेगळं बिल आहे का बघा, काही ठिकाणी फीसुद्धा असते आणि सफाईसुद्धा. वजनाची मर्यादा आहे का? १० किलोपर्यंतच चालेल असं कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं आणि तुमचा १४ चा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुत्र्याला खोलीत एकटं ठेवलेलं चालतं का?

आमचा किस्सा ऐका. 'पेट्स वेलकम' लिहिलं होतं मोठ्ठ्या अक्षरात, पंजाचं चित्रबित्र. गेल्यावर कळलं की वेलकम फक्त खोलीत. जेवणाच्या हॉलमध्ये नाही, बागेत नाही, लिफ्टमध्ये नाही (आम्ही चौथ्या मजल्यावर), आणि खोलीत एकटा ठेवायचा नाही. नाश्ता भाड्यात धरलेला, पण चार दिवस बायको आधी खाऊन यायची मग मी जायचो, तोपर्यंत सगळं आवरत आलेलं. फोनवर विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण चित्र बघून भुललो. तेव्हापासून फोन करतो आणि वर मेसेजवर लेखी घेतो.

घरकोंबडा
मी विरोधी पक्षात बसतो. ज्याला ना डोंगर कळतो ना समुद्र, त्याला घेऊन जायचं कशाला? बोर्डिंगला ठेवा. आमच्याकडे चांगल्यापैकी बोर्डिंग तुमच्या मापाने पाव ते तीन दशांश रात्रीला पडतं. सहा रात्रींचे दीड ते पावणेदोनच्या जरा वर. तेवढी तर तुमची नुसती फी झाली. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत करून घेण्यापेक्षा आठवडाभर सुखाने फिरा, तोही तिकडे चार मित्र करेल.

नाकापेक्षामोती
घरकोंबडाकाका, तो मित्र करणारा कुत्रा असेल तर खरंय तुमचं. आमचा मोती (हो, आयडी त्याच्यावरूनच) ११ वर्षांचा, दिवसातून दोनदा गोळ्या, अनोळखी जागी खातच नाही. बोर्डिंगवाले म्हातारा कुत्रा म्हटलं की आधीच मान हलवतात, घेतलाच तर औषधं द्यायचे वेगळे पैसे. घरी येऊन राहणारा सिटर बघितला तर तो खोलीच्या निम्म्या भाड्याइतका. म्हणजे घरी ठेवणं स्वस्त हे सरसकट नाही. दोन्हीचा हिशोब मांडून बघायचा, आणि बोर्डिंगच्या बाजूलाही लपलेले खर्च असतात. लसींची कागदपत्रं लागतात, बऱ्याच ठिकाणी केनेल कफची (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) लस सक्तीची असते, ती आदल्या दिवशी टोचून चालत नाही. शिवाय नेऊन सोडणं नि परत आणणं.

घरकोंबडा
म्हाताऱ्याचं मान्य. तीन वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या बंड्याचं अमान्य.

कुंपणावरची
चौथीसीट, मी दोनदा नेलाय आणि एकदा ठेवलाय, म्हणून कुंपणावर. तुझ्या नवऱ्याला सांग, एक्सेलमध्ये ओळी वाढवू नकोस, रकाना वाढव. प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक गोष्टीपुढे एक रकाना, 'बंड्या कुठे?'. सकाळी नऊ ते अकरा किल्ला, बंड्या कुठे? दुपारचं जेवण, बंड्या कुठे? म्युझियम, बंड्या कुठे? ज्या ज्या घरात उत्तर लिहिता येत नाही तिथे पैसे जाणारेत, नाहीतर तुमच्यातलं एक माणूस जाणारं.

आमच्या पहिल्या ट्रिपला फी वगैरे सगळं बरोबर धरलं होतं. पण पाच दिवसांत तीनदा पार्सल मागवून खोलीत जेवलो, दोन तिकिटं आधी काढलेली ती वाया गेली कारण आत कुत्रा नेता येत नाही हे फाटकावर कळलं, आणि एका बोटीवर मी चढलेच नाही, काठावर बसून राहिले कुत्र्याचा पट्टा धरून. बोटीचे माझे पैसे परत मिळाले नाहीत. हे सगळं 'कुत्र्याचा खर्च' म्हणून कुठल्याच यादीत येत नाही. पेट फी हा दिसणारा खर्च, खरा खर्च म्हणजे त्याच्यामुळे जे करता येत नाही तो.

उलट दुसऱ्या ट्रिपला आधी हा रकाना भरला आणि मग जागा शोधली. फिरायचं कमी केलं, एक छोटं घर घेतलं, कुंपण असलेलं, स्वयंपाकघर असलेलं. रात्रीचं भाडं जास्त, एकूण बिल कमी.

चौथीसीट
अगं हे भारी आहे. आत्ता बसून भरला रकाना. सहा दिवसांत चौदा ठिकाणं होती, त्यातल्या नऊसमोर काहीच लिहिता आलं नाही. नवरा म्हणाला "गाडीत बसेल की". मी म्हटलं आधी धाग्यावर विचारते.

व्हेटकडची
गाडीत बसेल की??? नवऱ्याला इकडे बोलवा.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरला बसते, डॉक्टर नाही, पण उन्हाळ्यात काय काय आत येतं ते रोज बघते. बाहेर २४ अंश म्हणजे आपल्याला छान हवा वाटते ना, तर बंद गाडीत १० मिनिटांत ३४ च्या आसपास जातं. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच ३८.३ ते ३९.२ असतं, घाम त्याला जवळजवळ नाहीच, जीभ बाहेर काढून जेवढी उष्णता जाईल तेवढी. आत हवाच तापली की धापा टाकूनही उपयोग नाही. म्हणून 'गाडीत बसेल' हा पर्याय रकान्यातून कायमचा खोडा. बसक्या नाकाचा कुत्रा असेल तर दोनदा खोडा.

आता दवाखान्याचा खर्च. लोक निघायच्या आदल्या दिवशी येतात आणि मग सगळंच महाग पडतं. तुमच्याकडे दोन महिने आहेत, ह्याच आठवड्यात जा. जिथे जाताय ती जागा सांगा, कारण कुठे गोचीड जास्त असतात, कुठे साचलेल्या पाण्यामुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) भीती असते. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस, मध्ये २ ते ४ आठवडे, म्हणजे शेवटच्या आठवड्यात आलात तर होतच नाही. केनेल कफचं वर आलंच आहे, ट्रिपमध्ये एक दिवस जरी डे-केअरला टाकणार असाल तरी ते विचारतील. गोचिडांचं औषध आधीच चालू असेल तर तारीख ट्रिपच्या मध्ये संपत नाही ना तेवढं बघा.

गाडी लागते का बंड्याला? लागत असेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या, ती निघायच्या निदान दोन तास आधी द्यायची असते. खाणं प्रवासाच्या तीनेक तास आधी उरकायचं. माणसांच्या गोळ्या, पेनकिलर वगैरे मनाने अजिबात नाही, त्याने वाचवलेले पैसे दसपट होऊन आमच्याच काउंटरवर येतात.

खाणं घरचंच न्या, सहा दिवसांचं मोजून आणि वर दोन दिवसांचं जास्त. तिकडे मिळेल म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका, ब्रँड अचानक बदलला की जुलाब, एरवी आम्ही नवं खाणं आठवडाभर हळूहळू मिसळून बदलायला सांगतो. सुट्टीत जुलाब आणि दुसऱ्याचा गालिचा, डिपॉझिट गेलंच म्हणून समजा. पाणी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे बंड्याला पाऊण लिटरच्या पुढेमागे, उन्हात जास्त.

आणि एक फुकटची गोष्ट. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या नोंदणीतला फोन नंबर चालू आहे का बघा. चिप म्हणजे जीपीएस नाही, ती फक्त नंबर सांगते, आणि त्या नंबरामागे तुमचा तीन वर्षांपूर्वीचा फोन असेल तर काय उपयोग.

चौथीसीट
बाप रे. धन्यवाद ताई. नवऱ्याने वाचलं, गप्प आहे. गाडी लागते हो, दर वेळी पहिल्या तासात.

एक शंका, लसी आणि गोचिडांचं औषध हे ट्रिपच्या खर्चात धरायचं का? ते तसंही वर्षाला असतंच.

खिसाफाटका
जे घरी राहिलात तरी झालं असतं ते घरखर्चात. जे ट्रिप नसती तर झालं नसतं ते ट्रिपमध्ये. नाहीतर ट्रिप उगाच महाग दिसते आणि पुढच्या वर्षी कुत्रा घरी राहतो.

घसारा_आणि_मी
इथे अकाउंटंट आहे का कोणी म्हणून आलोय.

हार्नेस (छातीवरून बांधायचा पट्टा), सीट कव्हर, क्रेट (न्यायचा पिंजरा), घडीचं भांडं, ही खरेदी एका ट्रिपवर टाकणं चुकीचं आहे. क्रेट दहा वर्षं टिकतो. घसारा लावा ना, म्हणजे किंमत तेवढ्या वर्षांत वाटून टाका. पहिल्या वर्षी एक दशांश.

कुंपणावरची
घसारा क्रेटला लावाल, पण पैसे दुकानदाराला आजच द्यायचेत ना काका.

घसारा_आणि_मी
म्हणूनच दोन हिशोब. एक खिशातून आज किती जातात त्याचा, एक ट्रिप खरंच कितीला पडली त्याचा. चौथीसीट यांची पंधराची मर्यादा खिशाची आहे, तर त्यांनी पूर्ण किंमत धरावी. नेऊ की ठेवू हे ठरवताना मात्र पूर्ण किंमत धरली तर बोर्डिंग दर वेळी जिंकेल, कारण पहिल्याच वर्षी सगळं सामान डोक्यावर. घरकोंबडा यांचा विजय हा लेखा पद्धतीतला दोष आहे.

घरकोंबडा
माझा विजय हा माझ्या शहाणपणाचा आहे, पण चालू द्या.

घसारा_आणि_मी
आणि सामानात कंजुषी करायचीच तर भांड्यावर करा, गाडीतल्या हार्नेसवर नको. फिरायला नेतो तो पट्टा वेगळा आणि क्रॅश टेस्ट केलेला हार्नेस वेगळा. मोकळा सोडलेला १४ किलोचा कुत्रा जोरात ब्रेक मारला की सगळ्या वजनानिशी पुढच्या सीटवर आदळतो. गळ्यातल्या पट्ट्याला सीटबेल्ट अडकवू नका, मानेला हिसका बसतो.

रस्त्यावरचा
गाडीचं अजून. दर दोन तासांना थांबायचं धरा. त्यामुळे आठ तासांचा रस्ता दहाचा होतो, आणि दहाचा झाला की लेक, नवरा आणि तुम्ही दोनदा जास्त खाणार. कुत्र्यासाठी थांबलो म्हणून कुत्र्याने काही खाल्लं नाही, आम्हीच खाल्लं, दर ट्रिपला हेच. रस्ता फार लांब असेल तर मध्ये एक मुक्काम लागतो आणि त्या एका रात्रीसाठीही पेट फी. जवळची जागा निवडणं ही सगळ्यात मोठी बचत, कोणी बोलत नाही.

सातसमुद्र
धाग्यात विषय नाही पण पुढे कोणी शोधत येईल म्हणून टाकते. विमानाने किंवा परदेशात न्यायचा असेल तर बजेट पैशांच्या आधी दिवसांचं करा.

युरोपियन युनियनमध्ये आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर लस धरतच नाहीत, परत टोचायची. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. तुमचा देश त्यांच्या यादीत नसेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी (रेबीजच्या अँटिबॉडी किमान ०.५ आययू/मिली याव्या लागतात) आणि तिथून पुढे तीन महिने. फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे इथे जंतांचं औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मध्ये डॉक्टरांकडूनच द्यायचं, लवकर दिलं तरी चूक, उशिरा दिलं तरी चूक. जपानला रेबीज असलेल्या देशांतून जायचं तर रक्त दिल्यापासून १८० दिवस. ऑस्ट्रेलियात क्वारंटाइन किमान १० दिवस, मालकाच्या पैशाने.

विमानात केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी पिशवीसकट ७-८ किलोपर्यंतच, म्हणजे बंड्या सरळ खाली सामानाबरोबर किंवा कार्गोने. क्रेटमध्ये त्याला उभं राहता, वळता आणि नीट झोपता आलं पाहिजे, त्यामुळे क्रेट मोठा, आणि क्रेट मोठा तर भाडं मोठं. बसक्या नाकाच्या जाती बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी एवढं कोणी करू नये असं माझं मत, आम्ही कायमचं स्थलांतर केलं तेव्हा केलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हौशीयजमान
इथे सगळे पेट फीला शिव्या देतायत म्हणून दुसरी बाजू. मी दोन खोल्या भाड्याने देतो, कुत्री चालतात. चांगल्या कुत्र्यानंतरसुद्धा खोली झाडायला दुप्पट वेळ लागतो. केस पडद्यात, केस गादीच्या शिवणीत, आणि पुढच्या पाहुण्याला ॲलर्जी निघाली तर ती रात्र मला फुकट द्यावी लागते. ओल्या कुत्र्याचा वास सोफ्यात बसला की दोन दिवस खोली बंद.

मी डिपॉझिट कापतो ते दातांच्या खुणांपेक्षा टॉवेलांसाठी जास्त. लोक माझ्या पांढऱ्या टॉवेलने चिखलाचे पाय पुसतात. आपले दोन जुने टॉवेल आणि सोफ्यावर टाकायला एक जुनी चादर आणा, शेकडो पाहुणे आले, हे करणारे बोटावर मोजण्याइतके. आणि आल्या आल्या खोलीचे फोटो काढून ठेवा, आधीच्या ओरखड्यांवरून वाद नको, मलाही नको.

आणखी एक, गर्दीचा हंगाम सोडून आलात आणि दिवस जास्त असले तर फी कमी करा म्हणून विचारा. मी करतो. कोणी विचारतच नाही.

खिसाफाटका
+१. यजमानकाका तुमच्या खोल्यांचं नाव इथे टाकायचं नाही हे माहितीये, पण मनात टाकून ठेवलंय.

रात्रपाळी
आणीबाणीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, घाबरवायचा हेतू नाही.

दोन वर्षांपूर्वी, ट्रिपचा दुसरा दिवस, आमच्या कुत्रीने मुलाचा मोजा गिळला. आम्हाला कळलंच नाही, नुसती उलट्या करत होती, आम्ही म्हटलं प्रवासाने असेल. रात्री अकराला पोट धरून बसली तेव्हा धावपळ. अनोळखी गाव, दवाखाना कुठे माहीत नाही, फोनला रेंज नाही. रात्रीचा चालू असलेला दवाखाना पाऊण तासावर, रात्रीचे दर वेगळे, एक्स-रे, मग ऑपरेशन. कुत्री वाचली, आत्ता पायाशी झोपलीये. पण ते बिल आमच्या अख्ख्या ट्रिपपेक्षा मोठं होतं. चौथीसीटच्या मापात सांगायचं तर सोळा-सतरा रात्री.

विमा होता. घेऊन नऊ दिवस झाले होते. आजारपणाला १४ दिवसांचा थांबायचा काळ होता आणि हे अपघातात बसतं की आजारात ह्यावर महिनाभर पत्रापत्री. शेवटी थोडे मिळाले. विमा घ्यायचा तर आज घ्या, निघायच्या आठवड्यात नाही, आणि जुनं दुखणं त्यात येत नाही हे धरून चाला.

तेव्हापासून ट्रिपच्या पैशात हात न लावायचा एक वेगळा गठ्ठा असतो. तो ट्रिपचा खर्च नाही, परत आलो की परत बँकेत. आणि नकाशात जागा बघतानाच रात्री उघडा असणारा दवाखाना किती लांब ते बघते. सोळा रात्रींचा गठ्ठा कोणालाच परवडत नाही, पण निदान पहिल्या रात्रीचं बिल भागेल एवढा असावा, कारण बऱ्याच ठिकाणी आधी पैसे भरायला लागतात.

चौथीसीट
रात्रपाळी, वाचून पोटात गोळा आला. बरी आहे ना आता, छान वाटलं.

रात्रपाळी
मस्त आहे. मोजे अजून आवडतात तिला.

चौथीसीट
तर मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय, नवीन एक्सेल घेऊन. ह्यावेळी दोघांनी मिळून केलीय.

आधी रकाना भरला, मग जागा. ती जुनी खोली सोडली (फुकट रद्द होत होती, नशीब). आता एक लहान घर, कुंपण आहे, ओटा-गॅस आहे, आणि निम्मा रस्ता कमी. भाडं दर रात्री १.२, पण रात्री सहाच्या पाच केल्या, म्हणजे ६. जाणंयेणं नवरा अजून २ च धरतो, रस्त्यावरचा यांचं खाणं लक्षात ठेवून. खाणं अडीच कारण घरी करणार. तिकिटं १, कारण नऊ ठिकाणं उडवली आणि खरं सांगायचं तर त्यातली सहा मला बघायचीच नव्हती. किरकोळ १. झाले साडेबारा.

बंड्या: सफाई फी अर्धी, एकदाच, लेखी. हार्नेस, सीट कव्हर, भांडं मिळून ०.६, पूर्ण किंमत, घसारा काका माफ करा. गोळ्या आणि लेप्टोचे दोन डोस ०.४ (बाकीच्या लसी घरखर्चात). एक दिवस डे-केअर ०.४, त्या दिवशी आम्ही तिघं बोटीवर. पिशव्या, बिस्किटं, जुने टॉवेल ०.१. बरोब्बर २. एकूण साडेचौदा, अर्धी रात्र शिल्लक. डिपॉझिट १ आहे पण परत येणार म्हणून धरलं नाही, फक्त त्या दिवशी हातात पाहिजे. आणीबाणीला ४ रात्रींचा गठ्ठा वेगळा. रात्रीचा दवाखाना वीस मिनिटांवर.

घरकोंबडा
एक रात्र कमी, नऊ ठिकाणं कमी, ह्याला सुट्टी म्हणतात?

चौथीसीट
काका, पाच दिवस मला कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये. म्हणतात.

व्हेटकडची
डे-केअरवाल्यांना केनेल कफ विचारलंत का?

चौथीसीट
विचारलं, आधीच टोचलेली आहे, कागद गाडीत ठेवलाय, फोटो फोनमध्ये.

चौथीसीट
आलो परत!! कबूल केलं होतं म्हणून खरा हिशोब.

डे-केअरने आदल्या दिवशी अर्ध्या दिवसाची चाचणी मागितली, इतर कुत्र्यांशी जमतं का बघायला. तिचे वेगळे पैसे, ०.२. फोनवर हे मी विचारलंच नव्हतं. पास झाला पण.

गोळी अगदी वेळेवर दिली, खाणं तीन तास आधी बंद, सगळं ताईंनी सांगितल्याप्रमाणे. निघायच्या दहा मिनिटं आधी लेकीने प्रेमाने चार बिस्किटं भरवली. तासाभरात उलटी, आणि ती नेमकी कव्हर नव्हतं त्या बाजूला. गाडी आतून धुवून घेतली, ०.१५. लेकीच्या एका सँडलचा पट्टा खाल्ला, नवीन घेतली, ०.३ (मोजे सगळे डब्यात बंद होते, रात्रपाळी). डिपॉझिटमधून एक टॉवेल कापला, ०.०५. हौशीयजमान, पाय बंड्याचे नव्हते, नवऱ्याचे होते.

म्हणजे ०.७ वर गेलो. पण बाहेर एकदाच जेवलो, संध्याकाळी अंगणातून कोणाला उठावंसंच वाटेना, त्यामुळे खाणं अडीचच्या ऐवजी २.२ मध्ये झालं. शेवट १४.९. गठ्ठ्याला हात लागला नाही.

नवरा म्हणतो ०.१ उरले त्याचं काय करायचं.

घसारा_आणि_मी
पुढच्या वर्षीच्या हिशोबात आरंभी शिल्लक म्हणून घ्या.

घरकोंबडा
अभिनंदन. बोर्डिंगला ठेवला असता तरी साधारण एवढ्यातच झालं असतं.

कुंपणावरची
काका, सँडल वाचली असती.

पावसाळीछत्री
आमची पहिलीच ट्रिप पुढच्या महिन्यात, अख्खा धागा वाचला, खूप उपयोग झाला. एकच विचारायचं होतं, सीट कव्हर कुठलं घेतलं तुम्ही? अर्ध्या सीटचं बरंच स्वस्त मिळतंय.

चौथीसीट
मी तेच घेतलं होतं. अख्ख्या सीटचं घ्या.